बाकावरचा ठेका

निवृत्त शिक्षकाच्या घरी आता पत्रे फारशी येत नाहीत. निरोप येतात ते भ्रमणध्वनीवर. डिसेंबर २०२३ मधील एका सकाळी मला असाच एक निरोप आला. "सर, शनिवारी संध्याकाळी आमचा कार्यक्रम आहे. तुम्ही यावं, अशी फार इच्छा आहे." निरोप पाठविणारा माझा एक जुना विद्यार्थी होता. स्थळ होते पुण्यातील आमच्याच उपनगरातला एक लहानसा क्लब, आणि कार्यक्रम होता तीन रॉक बँडांचा!

माझ्या कपाळाला आठी पडली. क्लब म्हटले की मला पत्त्यांचे डाव आठवतात, बँड म्हटले की लग्नाची वरात, आणि रॉक म्हटले की कानठळ्या. "त्या गोंगाटात माझे काय काम?" मी पुटपुटलो.

चहाचा पेला पुढे ठेवीत पत्नी म्हणाली, "चोवीस वर्षांनी पोरानं आठवण ठेवली, आणि तुम्ही गोंगाटाची काळजी करता! जाऊन तर या."

न जाण्याचे खरे कारण निराळेच होते. ते मी तिला कधी सांगितले नव्हते.

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' चालले होते. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात एक लघु आणि दोन गुरू, असा गट चार वेळा येतो. मी फळ्यावर 'लगागा लगागा' लिहून घसा कोरडा करीत होतो. पण वृत्त काही मुलांच्या कानांत शिरत नव्हते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. एक मुलगा दोन्ही हातांच्या बोटांनी बाक वाजवीत होता. आदल्या दोन दिवशीही मी त्याला दटावले होते. त्या दिवशी माझा तोल सुटला. लाकडी पट्टी घेऊन मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याच्या बोटांवर चार फटके मारले. "हे बाक आहे, ढोलके नव्हे!" असे मी म्हणालो, तेव्हा सारा वर्ग हसला. मुलगा रडला नाही. त्याने फक्त हात बाकाखाली घेतले.

दुसऱ्या दिवसापासून तो आवाज बंद झाला. हा माझाच विजय, असे मला वाटले. पण पुढे ध्यानात आले, की त्या मुलाने उत्तरासाठी हात वर करणेही बंद केले होते. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या तुकडीत गेला. ती शांतता मात्र माझ्या मनात राहून गेली.

असो. शनिवारी मी गेलो. पन्नास-साठ खुर्च्यांचे साधे दालन होते. मागच्या बाजूला चहा आणि बटाटेवडे. राक्षसासारखे ध्वनिक्षेपक मला कोठेच दिसले नाहीत. शेजारी बसलेल्या तरुणीला मी विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "आजोबा, आजची रात्र अकूस्टिक आहे. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. लाकूड, तारा आणि माणसाचा गळा, एवढंच."

पहिल्या बँडात दोन गिटारवादक आणि एक गायिका होती. मी गिटार प्रथमच इतक्या जवळून पाहिली. तिला सहा तारा असतात. जाड तार छेडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा. नुसत्या तारेचा आवाज अगदी क्षीण असतो. पण तिचा कंप घोडीवाटे लाकडाच्या पातळ पाटाला मिळतो, पाट पोटातल्या हवेला हलवितो, आणि मग दालनभर सूर पसरतो. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा हेच काम करतो. परक्या वाद्यात मला आपल्या घरातली खूण सापडली.

रॉक संगीत अमेरिकेत १९५०च्या दशकात बहरले आणि विजेच्या गिटारीवर स्वार होऊन जगभर गेले. तरी त्यातली कितीतरी गाणी साध्या गिटारीवरच जन्मली आहेत. इंग्लंडचे 'बीटल्स' १९६८ साली हृषीकेशला गंगेकाठच्या आश्रमात राहिले होते, तेव्हा त्यांच्याजवळ अशाच साध्या गिटारी होत्या, आणि तेथे त्यांनी अनेक गाणी रचली.

ऐकता ऐकता मला आपल्या बाजाच्या पेटीची आठवण झाली. तीही युरोपातून आलेली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली, आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. पण आमच्या भजनांतून आणि नाट्यसंगीतातून तिला कोणी हलवू शकले नाही. आज तिला परकी कोण म्हणेल? न ऐकताच नावे ठेवणारा मी, मला माझीच लाज वाटली.

शेवटचा बँड आला, आणि त्यात माझा विद्यार्थी दिसला. तो एका लाकडी खोक्यावर बसला होता. ते खोके हेच त्याचे वाद्य! त्याला 'काहोन' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी मालाची खोकी वाजवून आपले ताल जिवंत ठेवले. त्या खोक्याचे हे वाद्य झाले. १९७०च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसिया यांनी ते स्पेनला नेले आणि तेथून ते जगभर पसरले. मधोमध थाप मारली की डग्ग्यासारखा घुमारा, वरच्या कडेला बोटे टेकली की तबल्याच्या चाटेसारखा टणक बोल.

गाण्याच्या मध्यावर इतर सारे थांबले आणि तो एकटा वाजवू लागला. पाच-पाच मात्रांचा ठेका होता: एक आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड, दोन लांब. लोक श्वास रोखून ऐकत होते. मला तो ठेका ओळखीचा वाटत होता, पण कोठला ते आठवेना. मी फक्त त्याच्या बोटांकडे पाहत होतो.

कार्यक्रम संपल्यावर तो धावत आला आणि पाया पडला. मी त्याचे हात हातांत घेतले. जे चोवीस वर्षे ओठांवर आले नव्हते, ते मी बोललो. "अरे, त्या दिवशी मी तुला मारायला नको होते. माझे चुकले."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं होतं. हात दुखले, त्यापेक्षा वर्ग हसला त्याचं जास्त. मग मी घरी तांदळाच्या डब्यावर वाजवायला लागलो." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "पण सर, मघाचा ठेका तुम्ही ओळखलात का? तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं तेच मी तेव्हा बाकावर वाजवत होतो. लगागा लगागा."

मुलांनो, मला उत्तर सुचले नाही. ज्या वर्गाला वृत्त कळत नाही म्हणून मी चिडलो होतो, त्या वर्गात ते एका मुलाला पुरते कळले होते. आणि मी नेमकी त्याचीच बोटे गप्प केली होती. शिकविणाऱ्यानेही आधी ऐकावे लागते, हा धडा मला माझ्याच विद्यार्थ्याने त्या रात्री दिला.

घरी आल्यावर मी आरामखुर्चीत बसलो. थोड्या वेळाने पत्नी आतून म्हणाली, "हा टक्-टक् आवाज कसला?"

मी खाली पाहिले. माझीच बोटे खुर्चीच्या हातावर चालली होती.