पदरी पडलं…

मावशीचं ते म्हणणं मला पटतही नाही आणि टाकूनही देववत नाही. ‘पदरी पडलं, पवित्र झालं.’ जोगेश्वरीला मेघवाडीतल्या चाळीत ती हे कशालाही म्हणायची. नळाला करंगळीएवढी धार आली तरी, रेशनच्या तांदळात खडे निघाले तरी, आणि काका रात्री पिऊन आले तरीही.

पहिल्या दोन वेळी मला त्यात शहाणपण दिसतं. तिसऱ्या वेळी अंगावर काटा येतो. पण म्हणणारी बाई तीच, आवाजही तोच. वाट्याला काय यावं ते तिच्या हाती नव्हतं. आलेल्याला पवित्र ठरवण्याचा अधिकार तरी तिनं स्वतःकडे ठेवला होता का? की तोही तिला शिकवलेलाच होता?

खालिद हुसैनींच्या ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मधल्या मरियमला तिची आई सोसायलाच शिकवते. पंधराव्या वर्षी मरियमचं लग्न वयानं कितीतरी मोठ्या रशीदशी लावून देतात. पुढे सवतीला, लैलाला, वाचवताना ती त्याला मारते, गुन्हा एकटीच्या अंगावर घेते आणि देहदंडाला सामोरी जाते. मरताना तिला आपल्या जगण्याला किंमत होती असं वाटतं. ती पानं वाचताना मी रडले. पण ही किंमत कळायला मरावंच का लागावं? हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमुना नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकते, मुंबईत चार दिवस सुखाचे बघते. मग वैधव्य, केशवपन. दोघींची कहाणी पुरुषांनी लिहिली, कळवळ्यानं लिहिली.

बायकांनी लिहिलं तेव्हा काय झालं? 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींचं मन त्यात उघडं झालं आणि गदारोळ उठला. ते लिहिणाऱ्या बाळूताई खरे तेव्हा विभावरी शिरूरकर या नावाआड होत्या. अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये तालिबानच्या पहिल्या राजवटीत बायका शिवणवर्गाला म्हणून निघायच्या आणि आत बसून साहित्य शिकायच्या. ‘गोल्डन नीडल’ त्याचं नाव. कवयित्री नादिया अंजुमन तिथलीच. 2005 मध्ये नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली. तेव्हा तिला पंचविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

शिवणवर्गाला तर मावशीही जायची. तिथं ती खरोखरच शिवण शिकायची: काजं करणं, गळा कापणं, बाही जोडणं. पण परतताना तिची चाल वेगळी असायची, बोलणंही जरा मोठ्यानं. त्या दोन तासांत बायका आपसांत काय बोलायच्या हे मी तिला कधी विचारलं नाही. पुढे शेजारणींची पोलकी शिवून तिनं हप्त्यांवर मशीन घेतलं. त्याला काकांचा हात लागलेला तिला खपत नसे.

त्या मशीनबद्दल ती ‘पदरी पडलं’ असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हणाली असेल, तर मी तिच्याविषयी रचलेलं सगळंच ढासळतं. नसेल म्हणाली, तर पडलेलं आणि मिळवलेलं यांतला फरक तिला चांगला ठाऊक होता. आणि तरीही ती त्याच घरात राहिली. मरियमच्या मरणापेक्षा हे राहणं समजून घ्यायला मला जास्त अवघड जातंय.