जमिनीखालचा शेजार

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली, तर तंटा चव्हाट्यावर येतो. परंतु त्याच्या जमिनीतून झिरपत पाणी आपल्या विहिरीत येते, त्याची वाच्यता कोणी करीत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने मात्र या अदृश्य शेजाराची दखल घेतली आहे. आपल्या भूमीतून स्वभावतः झिरपणारे पाणी दुसऱ्याने त्यापूर्वीच अवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक भूमिस्वामीचा हक्क त्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणांत सांगितला आहे.

हे कलम आम्हांस पुन्हा उघडावे लागले, ते एका देवस्थानाच्या विश्वस्तांमुळे. हमरस्त्याकाठची देवस्थानाची जागा पेट्रोल पंपासाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागण्यात आली होती. भाड्यातून नंदादीपाचा व उत्सवाचा खर्च सहज निभावला असता. परंतु त्याच उतारावर, थोडी खाली, देवाच्या अभिषेकाची विहीर आहे. भाडेपट्ट्यात काय लिहावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी आम्ही अमेरिकेचा अनुभव चाळला. कारण या दुखण्याची सविस्तर नोंद तेथे झालेली आहे.

तेथे विसाव्या शतकाच्या मध्यास पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या कालांतराने गंजल्या. गळलेले पेट्रोल मातीतून खाली उतरते आणि पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. त्यातील बेन्झीन मात्र काही अंशी पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकते. बेन्झीन कर्करोगास कारण होते. म्हणून पिण्याच्या पाण्यात त्याची तेथील मर्यादा अब्जात पाच भाग एवढीच आहे. इतक्या अल्प मात्रेचा ना वास येतो, ना चव लागते. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोल नीट जळावे म्हणून मिसळलेले एमटीबीई हे द्रव्य त्यांत उतरले होते. शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला, बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले, आणि शुद्धीकरणाची यंत्रणा उभी राहावयास २०१० साल उजाडले.

सफाईचे काम सावकाशीचे असते. आधी गळती थांबवावयाची, भिजलेली माती काढावयाची, मातीत कोंडलेली वाफ यंत्राने शोषून घ्यावयाची. मग पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून न्यावयाचे, किंवा भूजलात हवा सोडून मातीतील जिवाणूंकडून बेन्झीनचा फडशा पाडावयाचा. जिवाणू हे काम आपण होऊनही करतात, पण आपल्या सवडीने. एमटीबीई तर त्यांना सहज पचत नाही. अमेरिकेने १९८४ साली या टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८६ साली गॅलनमागे एक दशांश सेंट कर बसवून निधी उभारला. पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. बहुतेकांची सफाई झाली असली, तरी हजारो ठिकाणी ती बाकीच आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या वेल्लोर प्रकरणात, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व मान्य केले. तत्त्व थोर खरे. परंतु त्याचा आधार सापडतो तो बहुधा विहीर नासल्यावर. हुकूमनाम्याने पैसा मिळेल, पाणी मिळणार नाही. शिवाय पुरावा कोठून आणावयाचा? २०२४ च्या जानेवारीत गोव्यात चिखली परिसरातील विहिरींत इंधन आढळले, तेव्हाही ते आले कोठून, हाच प्रश्न आधी उभा राहिला.

म्हणून आम्ही विश्वस्तांस लिहिले : भाड्याचा आकडा ठरण्यापूर्वी दुहेरी भिंतीची टाकी, टाकी व विहीर यांच्यामध्ये निरीक्षणाच्या कूपनलिका, मुदतीअंती टाकी काढून जमीन तपासून देण्याची हमी, आणि तिच्यापोटी ठेव, एवढे लिहून घ्या. विहिरीच्या पाण्याची पहिली तपासणी टाकी पुरण्यापूर्वीच करा. उद्या वाद झाला, तर तोच तुमचा साक्षीदार.

"वकीलसाहेब, एवढ्या अटी पाहून मागणारा परत गेला तर?" एका वृद्ध विश्वस्तांनी विचारले.

आम्ही म्हणालो, "जाऊ द्या. कायदा काही बाबतींत देवाला अज्ञान बालकासारखा मानतो. बालकाच्या पालकाने जी जोखीम पत्करू नये, ती आपणही पत्करू नये."

ठराव अटींसह मंजूर झाला. मागणाऱ्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. विहिरीच्या पाण्याचा नमुना मात्र प्रयोगशाळेकडे रवाना झाला आहे.