चांदणी चौकात विकलेली तबकडी

दिल्लीच्या चांदणी चौकात लोक जातात ते पराठे, जिलबी आणि लग्नाच्या साड्यांसाठी. मी मात्र या वेळी तिथे काही विकत घ्यायला नाही, तर विकायला गेले होते. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी रेकॉर्ड होती.

आमचे आजोबा साताऱ्याचे. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि करोलबागेत स्थिरावले. आम्हा नातवंडांची शाळा हिंदी, खेळ हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीतच! मराठी कानावर पडायची ती घरात आणि रविवारी सकाळी आजोबांच्या ‘फिएस्टा’ प्लेअरवर. आमचं लाडकं गाणं ‘नाच रे मोरा’. 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं; शब्द गदिमांचे, संगीत पुलंचं, आवाज आशा भोसले यांचा. मोर आम्ही रिजच्या जंगलात पाहिले होते. पण त्यांना मराठीत हाक मारता येते, हे त्या गाण्यानं शिकवलं.

तबकडी 78 फेऱ्यांची, लाखेची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. पडली तर काचेसारखी फुटायची, म्हणून मुलांना हात लावायची बंदी. तरी एकदा माझ्या हातून तिच्यावर चरा उठलाच. सुई तिथे अडकायची आणि एकच शब्द पुन्हा यायचा. मग आजी बोटानं हलकेच टिचकी मारून सुई पुढे ढकलायची. गाताना आम्हीही तो शब्द दोनदाच म्हणत असू. गाणं मुळात तसं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

यंदा आई-बाबांनी करोलबागेतलं घर विकून पुण्याला जायचं ठरवलं. प्लेअर केव्हाच बंद पडला होता. “ठेवून काय करणार?” आई म्हणाली. मलाही उत्तर सुचलं नाही.

लाल किल्ला मेट्रो स्थानकावर उतरलं, की समोर लाल जैन मंदिर दिसतं. तिथून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता 2021 मध्ये नव्यानं बांधून पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांना इथलं मोती सिनेमासमोरचं न्यू ग्रामोफोन हाउस ठाऊक असतंच. जामा मशिदीजवळच्या मीना बाजारातही अशा तबकड्या मिळतात.

मी शिरले ते एका लहानशा दुकानात. दुकानदारानं तबकडी उजेडात धरली, चऱ्यावरून बोट फिरवलं आणि प्लेअरवर ठेवली. बाहेर सायकलरिक्षांच्या घंट्या आणि आत आमचा मोर! सुई नेमकी तिथेच अडकली. माझं बोट आपोआप पुढे गेलं.

“खरोंच है, बहनजी,” तो म्हणाला. दीडशे रुपये देऊ केले. मी घासाघीस केली नाही.

नोएडाला घरी परतले आणि लेकीला मोबाइलवर तेच गाणं लावून दिलं. आवाज स्वच्छ, कुठेही अडखळ नाही. मी मात्र सवयीनं तो शब्द दोनदा म्हणाले.

“आई, चुकलीस!” ती हसली.

मग मी तिला आजीची टिचकी सांगितली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना ती गात होती. तो शब्द तिनंही दोनदा म्हटला.