शेऱ्याचा रकाना

मोशीत किंवा चाकणजवळ खराबवाडीत घर घेतलेल्या कामगाराला आपलं गृहकर्ज विकलं गेलंय याचा बहुधा पत्ताच नसतो. हप्ता जुन्याच कंपनीकडे जातो, वसुलीला येणारा माणूसही तोच. कर्ज विकत घेणाऱ्या बँकेच्या हातात पडते एक लांबलचक एक्सेल. कागद राहतात विक्रेत्याच्या गोदामात. म्हणून करारातल्या ‘नोंदी तपासण्याचा हक्क’ या कलमावर, खरेदीदाराच्या वतीने फायली तपासणाऱ्या माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2021च्या निर्देशांनी खरेदीदाराला एकेक कर्ज तपासायला सांगितलं. सगळी जमत नसतील तर संख्येने आणि रकमेने निदान एक तृतीयांश. मग विक्रेत्याने किमान 10 टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवायचा. कुठला तृतीयांश, ते मी ठरवतो. टेबलावर आधीच मांडून ठेवलेल्या चकचकीत फायली शेवटी.

इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सेरसाय या तारण-नोंदवहीतली नोंद, गुंठेवारीतलं घर असेल तर नियमितीकरणाचा दाखला, चिखली-तळवड्याकडची जागा देहूरोडच्या लष्करी डेपोभोवतीच्या रेड झोनमध्ये, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्यात, येते का, हे बघावंच लागतं. माझा जीव मात्र अडकतो वसुलीच्या सॉफ्टवेअरमधल्या शेऱ्याच्या रकान्यात. तो उघडायला सांगितला की ठरलेलं उत्तर येतं, “सर, ते इंटर्नल आहे.”

या पट्ट्यात एक फाइल पुन्हापुन्हा भेटते. दर महिन्याच्या 5 तारखेला हप्ता बाउन्स, एक्सेलमध्ये कर्जदार लाल. शेऱ्यात लिहिलेलं असतं, ‘पगार 10 ला, 11 ला भरतो.’ 1936च्या वेतन कायद्यात हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला पगारासाठी 7 तारखेपर्यंत मुदत होती, त्याहून मोठ्याला 10 पर्यंत. म्हणजे हप्त्याची तारीखच चुकलेली. बाउन्सचा दंड मात्र तो बिचारा निमूट भरत आलेला.

उलट एखाद्या फायलीत दोन वर्षांत एकही हप्ता चुकलेला नसतो, आणि शेऱ्यात सापडतं, ‘टॉप-अप दिला, थकबाकी त्यातून वळती.’ ती मी विक्रीच्या गठ्ठ्यातून काढायला लावतो. “पैसे तर आले ना?” विक्रेत्याचा मॅनेजर विचारतो. आले, पण त्यांच्याच तिजोरीतून.

विक्री झाल्यावर नोंदी तपासण्याचा हाच हक्क वापरायला खरेदीदार बँका, माझ्या अनुभवात, कंटाळा करतात. मी कराराच्या मसुद्यातच शेऱ्याच्या रकान्याचा नाव घेऊन उल्लेख मागतो. आणि तपासणीआधीची पंधरा दिवसांची पूर्वसूचना खोडून दोन दिवसांची करून घेतो. पंधरा दिवसांत शेरे नव्याने लिहून होतात.