चार पेले

‘खमीर’ हा शब्द तुम्ही घरी नेहमी ऐकता. मराठीतही तो आहे. पण मराठी माणूस तो पिठाविषयी क्वचितच वापरतो. एखाद्याच्या अंगी धमक असली, की ‘त्याच्यात खमीर आहे’ असे तो म्हणतो. पिठाच्या बाबतीत मराठीत ‘आंबवणे’ म्हणतात. आज मी तुम्हाला या पिठातल्या खमिराविषयी सांगणार आहे.

माझी अम्मी खमीर घरीच करते. गव्हाच्या पिठात थोडे दही, चिमूटभर साखर आणि कोमट पाणी घालून ती भांड्यावर फडके बांधते. एक-दोन दिवसांत त्यात बुडबुडे येतात व आंबूस वास सुटतो. रोटीसाठी लागेल तेवढे खमीर घेऊन उरलेल्याला ती पुन्हा ताजे पीठ व पाणी देते. ‘खमिरालाही भूक लागते,’ असे ती म्हणते.

अम्मीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवून दिले, की दूध आंबते ते सजीव सूक्ष्मजीवांमुळे. खमिरातही असेच जीव असतात. त्यातले यीस्ट पिठातील साखर खाऊन वायू सोडते, म्हणून पीठ फुगते. जीवाणू आम्ल तयार करतात, म्हणून आंबटपणा येतो. दह्यातून असे जीवाणू मिळतात. साखरेमुळे काम लवकर सुरू होते आणि मिठामुळे ते मंद होते. हवामानाचाही परिणाम होतोच. आपल्या खानदेशातल्या वैशाखात पीठ काही तासांत आंबते. पौषात त्यालाच रात्र पुरत नाही.

सगळीकडे खमीर दह्याचेच असते असे नाही. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले. त्यांना पाव हवा होता, पण तो फुगवण्याचे नेहमीचे साधन तेथे नव्हते. तेव्हा माडाचा आंबलेला रस पिठात घालून गोव्यात पाव भाजले जाऊ लागले. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आपल्याकडे आला. ज्याच्या हाताशी जे होते, त्याचे त्याने खमीर केले.

मग प्रश्न पडतो, की खमीर एकच असेल आणि पीठ बदलले, तर काय होईल? आम्ही हे आठवीच्या वर्गात करून पाहिले. काचेचे तीन सारखे पेले घेतले. एकात चक्कीवरून दळून आणलेले गव्हाचे पीठ, दुसऱ्यात मैदा आणि तिसऱ्यात ज्वारीचे पीठ. प्रत्येकात सारखेच खमीर व पाणी घालून पिठाच्या पातळीवर दोरा बांधला.

गव्हाचे पीठ सर्वांत आधी चढले. मैदा सावकाश चढला, पण अधिक उंच गेला. ज्वारीच्या पेल्यात बुडबुडे दिसत होते, आंबट वासही येत होता. पीठ मात्र दोऱ्याच्या फारसे वर गेले नाही. ‘ज्वारी नापास!’ कोणीतरी ओरडले आणि वर्ग हसला.

शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी मात्र हसली नाही. तिच्या डब्यात रोज कळण्याची भाकरी असे. इतर मुली पाव-बटर काढत, तेव्हा ती डब्याचे झाकण अर्धेच उघडून जेवत असे. ती हळूच म्हणाली, ‘आपा, आमच्या घरी कळण्याचे पीठ आहे. ते ठेवून पाहू या का?’

दुसऱ्या दिवशी ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले ते पीठ चौथ्या पेल्यात गेले. दुपारपर्यंत ते दोऱ्याच्या दोन बोटे वर आले. मैद्याइतके नाही, पण नुसत्या ज्वारीपेक्षा नक्कीच जास्त.

याचे कारण समजून घ्या. गव्हाचे पीठ भिजवले, की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लूटेन म्हणतात. वायू या जाळ्यात अडकतो. चक्कीच्या पिठातील कोंड्याबरोबर खमिराला जास्त खाद्य मिळते, म्हणून ते लवकर चढते. पण कोंड्याचे कण जाळे कापतात, म्हणून ते फार उंच जात नाही. मैद्यात कोंडा नसतो, म्हणून पाव हलका होतो. ज्वारीत ग्लूटेनच नसते. खमीर तिच्यातही काम करते. परंतु वायू धरून ठेवायला जाळे नसते, म्हणून तो निसटून जातो. उडदाला मात्र चिकटपणा असतो. तो थोडा वायू धरून ठेवतो. तांदळातही ग्लूटेन नसते, तरी इडली फुगते ती उडदामुळेच.

मग आम्ही चारही पिठे तव्यावर भाजली. मैद्याची रोटी मऊ झाली, पण चवीला फिकी. गव्हाची खमंग लागली. ज्वारीचे पीठ जाड थापले तेव्हा दडस झाले. तेच पातळ करून पसरले, तेव्हा त्याचे छान आंबूस धिरडे झाले. ज्वारी नापास झाली नव्हती. आम्ही तिला गव्हाची प्रश्नपत्रिका दिली होती. आपल्याकडच्या बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तर त्या ज्वारी भिजवून, आंबवून तिचे बिबडे करतात. पाव करीत नाहीत. शिवाय धान्य आंबवले, की त्यातील लोह शरीराला अधिक मिळते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत दोन मुलींनी त्या मुलीकडे कळण्याची भाकरी मागितली. तिच्या स्वतःच्या वाट्याला अर्धीच भाकरी आली.

आता तुम्हीही हा प्रयोग करा. आमच्या पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरउतारावर नागली पिकते. तिचे पीठ आम्ही अजून पेल्यात घातलेले नाही. तुमच्या घरी नागली असेल, तर एका पेल्यात ती घाला आणि एकात गहू. दोरा बांधा, दर तासाला पाहा आणि जे दिसेल तेच वहीत लिहा. कोणते पीठ किती चढले, एवढेच लिहून थांबू नका. ते भाजून चाखा आणि ते कशासाठी चांगले आहे, हेही लिहा.