हंड्या-झुंबरांच्या गल्लीत

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेकडे चालत निघाले की काही वेळाने मुंबईचा चोरबाजार लागतो. कोलाहलामुळे हा मूळचा ‘शोरबाजार’, असे सांगितले जाते. जुन्या वस्तूंच्या दुकानांचा मुख्य रस्ता मटण स्ट्रीट. हे नाव वाचून जैन प्रवासी क्षणभर थबकतो. परंतु दुकानांत मांडलेले असते ते लाकूड, पितळ आणि काच. शुक्रवारी ही दुकाने बंद असतात व रस्त्यावर पहाटेपासून जुम्मा बाजार भरतो.

साखळ्यांना टांगलेल्या हंड्या, कंदिलाच्या चिमण्या, झाकण हरवलेल्या बरण्या, जोडी फुटलेले पेले येथे धुळीत पडलेले दिसतात. विक्रेत्याच्या तोंडी त्यांतील बरीचशी काच ‘बेल्जियम’ची असते, चाणाक्ष ग्राहकाने हसून निम्म्यापासून बोलणी सुरू करावी. वाडे पडतात, घरे विभागली जातात. वाटणीच्या कागदावर सोने, जमीन, दुकानाची गादी यांची नोंद होते. काचसामानाची होत नाही. ते मुकाट्याने भंगारात निघते.

अशा एकाकी काचेचे अंगणासाठी शमादान करणे कठीण नाही. प्रथम नखाने टिचकी मारून नाद ऐकावा. बद्द आवाज आला तर केसाएवढी चीर असण्याचा संभव असतो, आणि ज्योतीच्या उष्णतेने तीच चीर तडकते. निर्दोष पेला पालथा घालून त्याच्या बुडावर पसरट काचेचे भांडे पारदर्शक सिलिकॉनने चिकटवावे व दिवसभर हलवू नये. भांड्यात दोन बोटे कोरडी वाळू घालावी आणि मधोमध, काचेपासून अंतर ठेवून, मेणबत्ती बसवावी. हंडी असेल तर तिच्या मूळच्या साखळ्याच पुरतात.

येथपर्यंत ही केवळ शोभेची गोष्ट झाली. परंतु उघड्यावर ज्योत लावणाऱ्या जैन घराला आणखी दोन हिशेब मांडावे लागतात. पहिला मेणाचा. पॅराफिन खनिज तेलापासून मिळते. मधमाश्यांचे मेण पोळ्यातून येते. आणि मेणबत्तीत मिसळले जाणारे स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य असते तसे प्राणिज चरबीचेही असू शकते. म्हणून घटक विचारूनच खरेदी करावी.

दुसरा हिशेब जीवांचा. काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते. तशीच ती जीवांना ज्योतीपासून वाचवू शकते, मात्र वरचे तोंड उघडे नसेल तर. ज्योतीपासून पुरेशा उंचीवर बारीक धातूच्या जाळीचे झाकण ठेवल्यास हवा खेळती राहते व पतंग आत पडत नाहीत. तरीही जाळीने हिंसा संपत नाही, कमी होते. चातुर्मासात संध्याकाळी पाखरे दाटतात, तेव्हा शमादान न पेटवता नुसते ठेवणेच योग्य.

गल्लीतून परतताना अनेकांच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी चिमणी असते. ती विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या घराचा माळा एकदा पाहिला असता, तर कदाचित पैसे मोजावेच लागले नसते. आजीच्या काळची हंडी तेथे अजून असेल. उद्या घर रिकामे करताना तिचीही नोंद यादीत व्हावी.