मराठी समालोचन आणि मैदानाचे दर्शन

नाशकात राहून क्रीडासमालोचनाचा जो व्यासंग मी आजवर केला, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात दृढ झाली आहे. ती ही की, मराठी वाक्याचे क्रियापद अखेरीस येते, हे आपल्या समालोचनाचे वैगुण्य नसून सामर्थ्य होय. चेंडू बॅटीवरून सुटून सीमारेषेकडे धावू लागला, की कव्हरमधला क्षेत्ररक्षक, त्याची धाव, त्याची झेप हे सारे क्रमाने सांगत जावे, आणि चौकार गेला की चेंडू अडला याचा निवाडा मैदानावर ज्या क्षणी होतो, त्याच क्षणी तो क्रियापदाच्या रूपाने मुखातून बाहेर पडावा, अशी तजवीज आपल्या भाषेने स्वतःच करून ठेवली आहे. परंतु तिचा लाभ घ्यायचा, तर चेंडू पडण्यापूर्वीच क्षेत्ररचना दृष्टीत असावी लागते. आकाशवाणीवरून मराठी श्रोत्यांना क्रिकेट ऐकविणारे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते आणि त्यांच्या ओघवत्या निवेदनामागे ही नजर होती.

याउलट स्पॅनिश भाषेत क्रियापद कर्त्याच्या आधी ठेवण्याची मुभा असल्याने कृती प्रथम सांगून होते आणि पुढचा सारा श्वास समालोचकाला उद्गारासाठी मोकळा राहतो. १९९४ साली अमेरिकेत भरलेल्या फुटबॉल विश्वचषकात मूळचे अर्जेंटिनाचे समालोचक आंद्रेस कांतोर यांची ‘गोल’ ही दीर्घ आरोळी स्पॅनिश न जाणणाऱ्यांच्याही घरोघरी पोहोचली. वस्तुतः तो रिवाज दक्षिण अमेरिकेच्या नभोवाणीचा. मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश प्रक्षेपणाच्या हक्कांचा मक्ता स्वतंत्रपणे दिला जातो. २०१८च्या विश्वचषकासाठी तो टेलिमुंदो या स्पॅनिश वाहिनीकडे होता.

आपल्याकडे १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला हक्काची जागा मिळवून दिली. दूरचित्रवाणीवर मराठीला तसा मान मिळण्यास फार काळ लागला. २०२२च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, डिजिटल हक्क निराळे विकले गेले, आणि २०२३मध्ये जिओसिनेमावर मराठीसह अनेक भाषांत सामने ऐकू येऊ लागले. ही घटना मी आनंदाचीच मानतो. तथापि प्रादेशिक भाषांचे समालोचक बहुतेक वेळा मैदानापासून दूर स्टुडिओत बसून, प्रेक्षकाला दिसते तेच चित्र पडद्यावर पाहत असतात; गोलंदाज धावत येताना डीप पॉइंट दोन पावले आत सरकला, हे कॅमेऱ्याने न दाखविल्यास त्यांना कळण्याचा मार्ग नाही, आणि मग जे वाक्य निकालाबरोबर संपावयाचे ते निकालानंतर सुरू होते.

खो-खोत तर हे अंतर अधिकच जाचते. चढाई, पकड, लोण हे शब्द जसे कबड्डीबरोबरच आले, तसे खुंट आणि सूर मारणे हेही खो-खोने मराठीला आयतेच दिले; पण संरक्षक कोणत्या बाजूने निसटणार, हे बसलेल्या आठही आक्रमकांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते एका नजरेत दिसल्यावाचून सांगता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताने दोन्ही अजिंक्यपदे मिळविली. तेव्हा महाराष्ट्रातील सामन्यांपुरती तरी, प्रक्षेपणाचा करारनामा करताना मराठी समालोचकास प्रत्यक्ष मैदानावर आसन मिळेल अशी स्पष्ट अट क्रीडासंघटनांनी घालावी, आणि नाशकाच्या अनंत कान्हेरे मैदानावर होणाऱ्या रणजी सामन्यापासून तिचा अंमल सुरू करावा.